दोनच रंग का? ‘मॅजिक’च्या ड्राफ्टमधलं गणित आणि डावपेच

‘पहिल्या पॅकमध्ये निळा मस्त येत होता, म्हणून अझोरियस (पांढरा-निळा) धरला. दुसऱ्यात निळा पार आटला.’ ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा ड्राफ्ट, म्हणजे टेबलावरच पत्ते निवडून खेळायचा प्रकार, संपल्यावर दोन जुने खेळाडू असं काहीतरी बोलत असतात आणि नवा खेळाडू नुसता ऐकत बसतो. त्याला नियम येतात. पत्त्यावर काय लिहिलंय तेही कळतं. एकेक पत्ता हातात घेऊन पाहिला, तर त्याने काही टाकाऊ माल उचललेला नसतो. तरीही त्याचा डेक, म्हणजे खेळायचा जुडगा, चालत नाही. शेजारच्याच्या डेकमध्ये साधेसुधे पत्ते असतात आणि तो मात्र सामन्यामागून सामना जिंकतो.

या कोड्याची उकल बहुतेक वेळा ‘आर्किटाइप’, म्हणजे डेकमागची योजना, या गोष्टीत सापडते. ती नीट समजून घ्यायची तर थोडं मुळापासून यावं लागेल. मला जे मनापासून म्हणायचंय ते मात्र आधीच सांगतो: दोन रंगांचा आर्किटाइप धरण्याचा खरा फायदा भारी पत्त्यांमुळे होत नाही. जे पत्ते टेबलावरच्या इतरांना नकोत आणि फक्त तुम्हाला हवेत, त्यांच्यामुळे होतो.

## आधी टेबलाची मांडणी

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने १९९३ मध्ये बाजारात आणला. दोन्ही बाजूंना २० लाइफ, समोरच्याचं लाइफ शून्यावर आणायचं, हे त्याचं सर्वांत सोपं वर्णन. पत्ता खेळायला ‘माना’ लागतो, म्हणजे त्या पत्त्याची किंमत चुकवण्याची ताकद. हा माना ‘लँड’ नावाच्या पत्त्यांतून मिळतो आणि आपल्या प्रत्येक पाळीत एकच लँड खाली ठेवता येते. रंग पाच आहेत: पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा. प्लेन्समधून पांढरा माना येतो, आयलंडमधून निळा, स्वॅम्पमधून काळा, माउंटनमधून लाल, फॉरेस्टमधून हिरवा. हातात लाल पत्ता आहे आणि खाली नुसती आयलंड्स आहेत, तर तो पत्ता असून नसल्यासारखा.

ड्राफ्टमध्ये घरून डेक आणायचा नसतो. साधारण आठ जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकापुढे तीन बंद पॅक असतात. पहिला पॅक फोडायचा, एक पत्ता ठेवून घ्यायचा आणि उरलेला गठ्ठा डावीकडच्याला द्यायचा. उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यातून पुन्हा एक. असं पॅक संपेपर्यंत. दुसरा पॅक उजवीकडे फिरतो, तिसरा पुन्हा डावीकडे. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ‘प्ले बूस्टर’ पॅकमध्ये खेळायचे १४ पत्ते असतात. म्हणजे शेवटी तुमच्यापाशी ४२ पत्ते जमतात, आणि त्यांतून किमान ४० पत्त्यांचा डेक बांधायचा. त्यात साधारण १७ लँड्स असतात. साध्या लँड्स हव्या तेवढ्या मिळतात, त्या ड्राफ्टमध्ये उचलाव्या लागत नाहीत. राहिले २३. चाळीसच्या वर एकही पत्ता घालू नये, कारण वाढवलेला प्रत्येक पत्ता तुमचे चांगले पत्ते हाती येण्याची शक्यता थोडी थोडी घटवत जातो.

थोडक्यात, ४२ मधले २३ कामाचे. जवळजवळ निम्मे पत्ते बाजूलाच राहतात. ते कुठले राहतील, हा खरा प्रश्न.

## एक नाही, तीन नाही, दोनच का?

इथे थोडं गणित करू, कारण ‘दोन रंग घ्या’ हा सल्ला सगळे देतात, पण तीन रंगांनी किती बिघडतं ते फारसं कुणी सांगत नाही.

समजा, १७ लँड्स दोन रंगांत ९ आणि ८ अशा वाटल्या. डावात पहिली पाळी ज्याची, त्याने तिसऱ्या पाळीपर्यंत एकूण ९ पत्ते पाहिलेले असतात: सुरुवातीचे सात आणि नंतर ओढलेले दोन. या नऊ पत्त्यांत दोनपैकी एखाद्या रंगाची एकही लँड नसण्याची शक्यता सुमारे १७ टक्के येते. सहा डावांत एकदा असा त्रास होईल. हे सोसता येतं.

आता त्याच १७ लँड्स तीन रंगांत ६, ६ आणि ५ अशा वाटा. तिसऱ्या पाळीला तीनपैकी किमान एक रंग पूर्ण गायब असण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांवर जाते. निम्म्याहून जास्त डावांत हातातले काही पत्ते नुसते बघत बसायचे. समोरच्याने तोवर दुसऱ्या पाळीला एक आणि तिसऱ्या पाळीला एक क्रीचर, म्हणजे लढणारा पत्ता, खाली ठेवलेला असतो आणि मार सुरू झालेला असतो.

मग एकच रंग घेतला तर? लँडचा प्रश्नच मिटतो, पण पत्ते पुरत नाहीत. ४२ पैकी २३ खेळण्याजोगे पत्ते एकाच रंगाचे मिळायला हवेत. आठ जण प्रत्येकी दोन रंग खेळतात असं धरलं, तर १६ वाटे पाच रंगांत पडतात. म्हणजे सरासरी तीन जण एकेका रंगावर टपलेले असतात. कधीकधी एखादा रंग टेबलावर कुणालाच नको असतो आणि एकरंगी डेक जमून जातो. ती लॉटरी लागली तर जरूर घ्यावी, तिच्या भरवशावर बसू नये.

तेव्हा दोन रंग ही तडजोड आहे: पत्ते पुरतील इतकी रुंद, लँड्स साथ देतील इतकी अरुंद.

## रंग म्हणजे स्वभाव, जोडी म्हणजे योजना

प्रत्येक रंगाची कामं ठरलेली आहेत. पांढऱ्यात छोटे छोटे क्रीचर, त्यांची फौज आणि बरेच उडणारे. निळ्यात पत्ते ओढणं, समोरच्याचा पत्ता खेळता खेळताच रद्द करणं आणि पुन्हा उडणारे. काळ्यात क्रीचर मारणं आणि ग्रेव्हयार्डशी, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगाशी, खेळणं. लालमध्ये थेट मार आणि घाई. हिरव्यात मोठाले क्रीचर आणि लवकर जास्त माना.

पाच रंगांच्या जोड्या दहा होतात. दोन रंगांच्या कामांतून एकच लक्ष्य असलेली जी योजना तयार होते, तिला आर्किटाइप म्हणतात. पांढरा-निळा जमिनीवर अडवून धरतो आणि हवेतून मारतो. लाल-पांढरा पहिल्या पाळ्यांपासून अंगावर जातो. काळा-हिरवा ग्रेव्हयार्डमधून ताकद काढतो. लाल-निळ्यात क्रीचर थोडे आणि मंत्र, म्हणजे एकदा वापरून संपणारे पत्ते, जास्त. हे ढोबळ झालं. प्रत्येक नव्या संचात, म्हणजे ‘सेट’मध्ये, या दहा योजना नव्याने आखल्या जातात. एका सेटमध्ये पांढरा-काळा लाइफ वाढवतो, दुसऱ्यात तोच आपले क्रीचर बळी देऊन फायदा उपटतो.

अझोरियस, बोरोस, गोल्गारी ही नावं २००५ च्या ‘रॅव्हनिका: सिटी ऑफ गिल्ड्स’ आणि २००६ मध्ये तिच्यामागून आलेल्या दोन सेट्समधली आहेत. त्या काल्पनिक शहरात दोन-दोन रंगांच्या दहा संघटना होत्या. कथा मागे पडली, नावं टिकली. आज कुठल्याही सेटमध्ये ‘बोरोस’ म्हटलं की लाल-पांढरा एवढाच अर्थ घ्यायचा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

## योजना ओळखायची कशी?

सेट बनवणारे ती लपवत नाहीत. बहुतेक सेट्समध्ये प्रत्येक जोडीसाठी दोन्ही रंगांचा माना लागणारा एक ‘अनकॉमन’ पत्ता असतो, म्हणजे कॉमनपेक्षा कमी आणि रेअरपेक्षा जास्त वेळा दिसणारा. त्याला खेळाडू ‘साइनपोस्ट’ म्हणतात. ड्राफ्टला बसण्याआधी हे दहा पत्ते वाचले, तर निम्मा अभ्यास झाला.

एक उदाहरण जवळून पाहू. २०१९ च्या ‘कोअर सेट २०२०’मध्ये पांढऱ्या-निळ्याचा साइनपोस्ट होता ‘एम्पायरियन ईगल’. तीन मानाचा, २ मार (किती इजा करतो) आणि ३ दम (किती सोसतो) असलेला उडणारा क्रीचर. तुमच्या इतर सगळ्या उडणाऱ्यांना तो एक मार आणि एक दम वाढवून देतो. त्याच सेटमध्ये ‘क्लाउडकिन सीअर’ हा निळा कॉमन आहे: तीन माना, २ मार, १ दम, उडतो, आणि खाली आला की तुम्हाला एक पत्ता ओढायला मिळतो. दोन सीअर मिळून प्रत्येक पाळीला ४ मार करतात. शेजारी ईगल बसला की प्रत्येक सीअरचा मार ३ होतो, ईगलचे स्वतःचे २, एकूण ८. समोरच्याकडे उडणारं काही नसेल तर २० लाइफ तीन हल्ल्यांत संपतं.

आता याच सीअरकडे हिरव्या-निळ्या खेळाडूच्या नजरेतून बघा. त्याचा साइनपोस्ट आहे ‘रिझन रीफ’. रीफ खाली असताना तुमचा कुठलाही ‘एलेमेंटल’ जातीचा क्रीचर आला, की डेकचा वरचा पत्ता बघायचा. लँड असेल तर थेट खाली ठेवता येते, नसेल तर पत्ता हातात येतो. सीअर एलेमेंटलही आहे. म्हणजे एकाच सीअरने दोन पत्त्यांचा फायदा. एकाला तो उडतो म्हणून हवा, दुसऱ्याला तो एलेमेंटल आहे म्हणून. लाल-निळा खेळाडूही त्याला नाही म्हणणार नाही, कारण पत्ता मुळातच चांगला आहे. असा पत्ता टेबलावर फार उशिरापर्यंत टिकत नाही.

## साध्या पत्त्याची किंमत कशी बदलते

त्याच सेटमधला ‘विंग्ड वर्ड्स’ घ्या. निळा कॉमन, तीन मानात दोन पत्ते ओढा. खाली तुमचा उडणारा क्रीचर असेल तर एक माना कमी. ज्याच्याकडे उडणारे नाहीत, त्याच्यासाठी हा संथ पत्ता आहे: तीन माना खर्चून टेबलावर काहीच येत नाही. पांढऱ्या-निळ्याच्या डेकमध्ये तोच दोन मानाचा होतो. पाचव्या पाळीला तीन मानाचा क्रीचर ठेवून उरलेल्या दोन मानात दोन पत्ते हातात येतात. छापील मजकूर तोच, पण एकासाठी डेकच्या काठावरचा पत्ता आणि दुसऱ्यासाठी पक्का.

नव्या खेळाडूच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. भारी पत्ते सगळ्यांना दिसतात. क्रीचर मारणारा स्वस्त पत्ता आठही जणांना हवा असतो, त्यामुळे तो तुम्हाला जास्त मिळण्याचं काही कारण नाही. तुमच्या वाट्याला येतील ते दोन-चार. पण डेकमध्ये तर २३ पत्ते भरायचेत! उरलेले पंधरा-वीस कॉमन असतात, आणि ते पॅकच्या मधल्या व शेवटच्या टप्प्यात मिळतात. तिथे दहाव्या ‘पिक’ला, म्हणजे दहावा पत्ता उचलताना, तुम्हाला तुमच्या योजनेत चपखल बसणारा पत्ता मिळतो आणि योजनाच नसलेल्या खेळाडूला त्याच दहाव्या पिकला ‘चालवून घेऊ’ असला पत्ता मिळतो. पाच-सहा पत्त्यांचा हा फरक सामन्यात स्पष्ट दिसतो. सुरुवातीच्या कोड्यातला तो शेजारी याच जोरावर जिंकत असतो.

म्हणून पत्ता हातात आला की ‘हा चांगला आहे का’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: माझ्या डेकमध्ये हा काय काम करेल? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर बहुधा तो पत्ता तुमचा नाही.

## शेजारी काय सांगतोय?

आता प्रश्न उरतो तो दहापैकी कुठली जोडी धरायची याचा. हे तुम्ही एकट्याने ठरवत नाही. पहिल्या पॅकमध्ये उजवीकडचा जे नाकारतो तेच तुमच्यापर्यंत येतं. सहाव्या पिकला एखादा उत्तम काळा पत्ता दिसला, तर तुमच्याआधी पाच जणांनी तो बघून सोडून दिलाय. एकदाच घडलं तर योगायोग. सहाव्या, सातव्या, आठव्या पिकला काळे चांगले पत्ते दिसत राहिले, तर त्या बाजूला काळा कुणी खेळत नाहीये. याला ‘सिग्नल’ म्हणतात. गाडी फलाटाला लागताना मुरलेला प्रवासी आवडत्या डब्याकडे धावत नाही, कुठल्या दारात गर्दी कमी आहे ते बघतो; सिग्नल वाचणं म्हणजे तेच.

आणखी एक खूण नवव्या पिकला मिळते. आठ जणांच्या टेबलावर तुम्ही फोडलेला पहिला पॅक तेव्हा फिरून तुमच्याकडे येतो. १४ मधले सहा पत्ते उरलेले असतात. सुरुवातीला त्यात काय होतं ते आठवा. तीन चांगले हिरवे पत्ते होते आणि तिन्ही गेले, तर हिरव्याला मागणी आहे. त्यातले दोन अजून तिथेच असतील, तर जागा मोकळी आहे. यासाठी सगळा पॅक पाठ असण्याची गरज नाही, प्रत्येक रंगातला एकेक ठळक पत्ता लक्षात ठेवला तरी पुरे.

दुसऱ्या पॅकमध्ये दिशा उलटते. आता डावीकडचा तुम्हाला पत्ते देतोय, आणि पहिल्या पॅकमध्ये त्याला पत्ते दिले होते तुम्ही. तुम्ही निळे उचलत राहिलात तर तो निळ्याकडे वळलेला नसतो, म्हणून आता तुम्हाला निळा येतो. पहिल्या पॅकमध्ये तुम्ही उत्तम निळे पत्ते सोडले आणि शेवटी निळ्यातच शिरलात, तर दुसऱ्या पॅकमध्ये निळा आटणारच. सुरुवातीच्या संभाषणातल्या खेळाडूचं असंच काहीसं झालं असण्याची शक्यता आहे.

## पण सगळ्यात ताकदवान पत्तेच उचलत गेलो तर?

पहिल्या चार-पाच पिकला खुशाल उचला. तेव्हा तुम्हाला काहीच माहीत नसतं आणि ताकद हाच एक निकष हाती असतो. तेच धोरण शेवटपर्यंत नेलं, तर चार रंगांचे भारी पत्ते जमतात आणि त्यांतले निम्मे डेकबाहेर राहतात. पहिल्या पिकला घेतलेला रेअर सोडून देणं जिवावर येतं हे खरं आहे. पण न खेळलेला रेअर आणि न खेळलेला कॉमन यांत सामना जिंकण्याच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

## आवडती जोडी आधीच ठरवून बसलं तर काय हरकत?

शिकण्यासाठी काहीच हरकत नाही. उलट एकच आर्किटाइप सलग काही वेळा खेळून बघितला तर त्याचे कॉमन पत्ते ओळखीचे होतात, आणि अगदी नव्या खेळाडूला मी हेच सुचवेन. जिंकण्यासाठी मात्र हा मार्ग महागात पडतो. तीन जण तीच जोडी ठरवून आले तर तिघांचेही डेक अर्धवट राहतात. त्यापेक्षा एक रंग धरून दुसरा मोकळा ठेवावा. पहिल्या पॅकअखेर ‘काळा नक्की, सोबत लाल किंवा हिरवा’ इथवर पोचलात तर उत्तम चाललंय. दुसऱ्या पॅकच्या मध्यापर्यंत दुसरा रंगही ठरायला हवा. त्याहून उशीर झाला तर २३ पत्ते भरताना ओढाताण होते.

## आकडेवारी आहे ना, मग डोकं कशाला चालवायचं?

‘१७ लँड्स’ नावाच्या संकेतस्थळावर ‘मॅजिक अरीना’त ऑनलाइन खेळल्या गेलेल्या ड्राफ्टची आकडेवारी मिळते. त्यातला सर्वांत जास्त पाहिला जाणारा आकडा असा: एखादा पत्ता हातात आला तेव्हा किती टक्के डाव जिंकले गेले. हे साधन खरोखर मोलाचं आहे. एखाद्या पत्त्याबद्दलचे गैरसमज त्याने लवकर दूर होतात. पण हा आकडा अनेक डेक्सची सरासरी असतो. लाल-पांढरा त्या सेटमधला सर्वांत जोरदार आर्किटाइप असेल, तर त्यात खेळले जाणारे सामान्य पत्तेही आकड्यांत चढे दिसतात. तो पत्ता तुमच्या निळ्या-काळ्या सोबत तेवढा चालेल, असं आकडा सांगत नाही. तिथे जोडीनुसार आकडे वेगळे काढून बघता येतात, ते बघावेत. आणि तुमच्या उजवीकडच्याने आत्ता काय सोडलंय, हे कुठलीच सरासरी सांगू शकत नाही.

## मग तिसरा रंग अजिबात नको?

थोडासा चालतो. दोन रंगांच्या डेकमध्ये तिसऱ्याचे एक-दोन पत्ते आणि त्यासाठी दोन-तीन लँड्स घालणं याला ‘स्प्लॅश’ म्हणतात. पत्ता खूप ताकदवान हवा, त्याच्या किमतीत तिसऱ्या रंगाचा एकच माना हवा, आणि तो सातव्या-आठव्या पाळीला हाती आला तरी उपयोगाचा हवा. दुसऱ्या पाळीला खेळायचा स्वस्त क्रीचर स्प्लॅश करण्यात काही अर्थ नाही, तो वेळेवर खाली येणारच नाही. दोन रंगांचा माना देणाऱ्या लँड्स मिळाल्या असतील तर काम बरंच सोपं होतं.

काही सेट तर तीन रंगांसाठीच बांधलेले असतात. २०१४ चा ‘खान्स ऑफ टारकिर’ आणि २०२२ चा ‘स्ट्रीट्स ऑफ न्यू कॅपेना’ ही त्याची उदाहरणं. त्यांत तीन-तीन रंगांचे पाच गट होते आणि माना जुळवून देणाऱ्या लँड्सही त्या बेताने दिल्या होत्या. याउलट २०२१ च्या ‘स्ट्रिक्सहेव्हन’मध्ये भर पाचच जोड्यांवर होता. त्यामुळे नवा सेट आला की जोड्या किती आणि मदतीच्या लँड्स किती, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. वरचं ५५ टक्क्यांचं गणित फक्त साध्या लँड्सचं आहे.

## तिसरा पॅक

शेवटच्या पॅकपर्यंत रंग ठरलेले असतात, योजना ठरलेली असते, आणि तरी इथेच बरेच डेक बिघडतात. मोठे, सहा मानाचे पत्ते डोळ्यांत भरतात आणि हात तिकडे जातो. पॅक फोडण्याआधी जमलेल्या पत्त्यांची किंमतीप्रमाणे मनात मोजणी करा: दोन मानाचे किती, तीनचे किती, पाचच्या वरचे किती. पाचच्या वरचे चार-पाच असतील तर पोट भरलं. दोन मानाचे क्रीचर तीनच असतील, तर पुढच्या गठ्ठ्यात साधा दोन मानाचा क्रीचर आणि झगमगता सहा मानाचा राक्षस शेजारी शेजारी दिसतील तेव्हा दोनवाला उचला. राक्षस डावीकडच्याला जाऊ द्या.